मुंगीखाऊ हा प्राणी इतर प्राण्यांपेक्षा वेगळा कसा? कोकणात दिसतो तो हाच का?

नाही. कोकणात दिसतो तो खवल्या, म्हणजे खवले मांजर. हे आधी लिहिते, कारण या नावाच्या घोळापायी आमच्या एका घरात दोन बिऱ्हाडांचं बोलणं तुटलं आहे.

मुंगीखाऊ दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. त्यातला मोठा मुंगीखाऊ नाकापासून शेपटीपर्यंत दोन मीटर भरतो. अंगभर राठ केस, नळीसारखं तोंड आणि त्यात एकही दात नाही. जीभ ६० सेंटीमीटरच्या आसपास, मिनिटाला दीडशे वेळा आत-बाहेर होते. दिवसाला ३०,००० पर्यंत मुंग्या आणि वाळवी पोटात जाते. पुढच्या नख्या एवढ्या लांब की पंजा मुडपून चालावं लागतं. अंगाचं तापमान ३३ अंशांच्या आसपास, सस्तन प्राण्याच्या मानाने फारच कमी. वारूळ फोडलं की जेमतेम मिनिटभर थांबतो, लढाऊ मुंग्या बाहेर पडायच्या आत पुढच्या वारुळाकडे जातो. त्याचे भाऊबंद म्हणजे झाडाला उलटा लटकणारा संथ स्लॉथ आणि पाठीवर हाडांचं चिलखत असलेला आर्माडिलो. या तिघांच्या कमरेच्या मणक्यांना जे जादा सांधे असतात ते आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्यात नाहीत. माझ्या मते खरा वेगळेपणा तो. मुंग्या काय, अस्वलही खातं.

खवल्याचं घराणंच निराळं. त्याचे जवळचे नातलग मांजर, कुत्रा, अस्वल हे मांसाहारी प्राणी. मुंगीखाऊसारखी लांब जीभ आणि बोळकं तोंड त्यालाही आहे, पण ते नात्यामुळे नव्हे, दोघांचं खाणं एक म्हणून. अंगावर खवले असलेला सस्तन प्राणी जगात हा एकच, आठ जाती, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. आणि तो पिल्लाला अंगावर पाजतो. हे शेवटचं वाक्य मी माझ्या चुलतभावाला, दादाला, किती वेळा सांगितलं असेल.

२०१४ चा जानेवारी. गुहागर तालुक्यात आमची सामायिक कलमं आहेत, तेव्हा मोहोर नुकता फुटला होता. राखणीच्या गड्याने पहाटे हाक मारली, दगडी कुंपणाच्या गडग्याखाली काहीतरी उकरतंय. मी बॅटरी घेऊन पोहोचेपर्यंत दादाने त्याला गोणपाटात भरलं होतं. खवल्या घाबरला की पळत नाही, पोट आत घेऊन चेंडू होतो. बिबट्यापुढे हे चालतं, पण माणूस तो चेंडू सरळ उचलून नेतो. दादाने गोणपाट काजू मोजायच्या काट्यावर टांगलं आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "अकरा किलो आहे." मला सगळं कळलं, विकायचा बेत होता.

मी म्हटलं, "दादा, हे वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधलं, सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं जनावर आहे. तीन ते सात वर्षं आत जाशील."

"तूच सांगायचीस ना, मुंगीखाऊ अमेरिकेत असतो म्हणून? मग हा कुठला? हे घोरपडीसारखं सरपटणारं. कायदा वाघाला असतो."

(घोरपडही शेड्यूल एकमध्येच आहे.)

मी रत्नागिरीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, आणि त्या अंगणात माझ्या शिक्षणाला काडीची किंमत नव्हती. पोलीस पाटलांना फोन केला आणि गोणपाटाशेजारी बसून राहिले. गडी म्हणाला, चावेल. मी म्हटलं, चावायला दात कुठे आहेत? तास-दीड तासाने आतली हालचाल बदलली. चेंडू सैल झाला, टोकदार नाक बाहेर आलं, आणि त्याच्या पोटाच्या वळीतून दुसरं एक इवलंसं नाक. पिल्लाचे खवले अजून फिकट आणि मऊ होते.

दादाची आई, माझी काकू, चहा घेऊन आली होती. तिने वाकून पाहिलं आणि कप तसेच पायरीवर ठेवले. "अगो बाई, ओली बाळंतीण आहे ही! बाळंतिणीला कुणी काट्यावर घालतं का रे?" आणि तिने स्वतः गोणपाटाचं तोंड सोडलं. चौथी शिकलेली बाई. मी तासभर जे सांगत होते ते तिला एका नजरेत कळलं.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, संध्याकाळी मायलेकरांना वरच्या रानात सोडलं. दादावर गुन्हा नोंदला गेला नाही. पण मी त्याला गावासमोर चोर ठरवलं, हे त्याच्या मनात बसलं ते बसलंच.

त्याचं दुसरं म्हणणं, खवला औषधी असतो. आमच्या आजोबांच्या बोटात मूळव्याधीसाठी खवल्याची अंगठी होती, हा त्याचा पुरावा. आजोबांची मूळव्याध शेवटी ऑपरेशनने गेली. त्यांना दवाखान्यात मीच नेलं होतं, दादा तेव्हा मुंबईला होता. नखात औषध नसतं आणि खवल्यातही नाही. जिथे या खवल्यांना सगळ्यात जास्त मागणी, त्या चीननेसुद्धा २०२० मध्ये अधिकृत औषधांच्या यादीतून ते काढून टाकले. आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरची बंदी तर २०१६ मध्येच ठरली.

तुम्हाला कधी खवल्या दिसला तर कुत्रे बांधा, बॅटरी त्याच्या तोंडावर मारू नका, वाट मोकळी ठेवा. अडकला असेल तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा. घरी ठेवून मुंग्या घालू म्हणाल तर तो जगणार नाही.

दादाच्या बाजूचंही लिहायला हवं. खवल्या उकरतो तेव्हा नुकसान होतं. आमचा तीन हात गडगा त्या रात्री ढासळला, आणि चिरे पुन्हा रचायची मजुरी कमी नसते. शिवाय बागेतली सगळी वाळवी तो संपवेल असंही नाही. पण आमच्या त्या कोपऱ्यातल्या कलमांवर एवढ्या वर्षांत वाळवीचं औषध मारावं लागलेलं नाही, आणि हे दादालाही दिसतं.

गेल्या मे महिन्यात त्याने मुलीकरवी निरोप धाडला, ढासळलेल्या जागी सिमेंटची भिंत घालू, अर्धा खर्च तू दे. काकू आता नाही, म्हणून इथेच लिहिते, त्याची मुलगी त्याला वाचून दाखवेल. दादा, तो कोपरा माझ्या हिश्शात येतो. गडगा तसाच राहील.