झोर्की-४ आणि ज्युपिटर-८ : डोळ्यांवर फोकस जुळवूनही कान स्पष्ट का येतात?

तुमची अडचण मला अशी समजली : आजोबांचा झोर्की-४ हा रशियन फिल्म कॅमेरा आणि त्यावर ज्युपिटर-८, ५० मिमी, एफ/२ ही लेन्स आहे. मीटरभर अंतरावरून डोळ्यांवर फोकस जुळवून एफ/२ ला (म्हणजे लेन्सचे ॲपर्चर, प्रकाश आत येण्याचे भोक, पूर्ण उघडे ठेवून) काढलेल्या फोटोंत डोळे धूसर आणि कान स्पष्ट येतात. ऐरोलीच्या खाडीकाठून एफ/८ ला (लहान भोकाने) काढलेली दूरची दृश्ये मात्र चांगली येतात. तेव्हा दोष लेन्सचा की कॅमेऱ्याचा, आणि रेंजफाइंडरचा (दुहेरी प्रतिमा एक करून अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेचा) स्क्रू फिरवून पाहावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी ठाण्यात राहतो आणि या रशियन कॅमेऱ्यांची दुरुस्ती आवडीने करतो. कृपया त्या स्क्रूला अजून हात लावू नका.

तुमच्या वर्णनातली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे कान स्पष्ट येतात ही. हात हलला असता तर फोटोत काहीच स्पष्ट आले नसते, आणि लेन्सच्या आत धुरकट थर किंवा बुरशी असती (आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते) तर सगळ्याच चित्रावर पांढुरकी झाक आली असती. तुमची लेन्स चित्र स्पष्ट उमटवते आहे, फक्त तिचा फोकस डोळ्यांच्या सुमारे ९ सेंटिमीटर मागे, म्हणजे कानांवर, पडतो आहे. एफ/२ ला एक मीटरवर स्पष्टतेची एकूण खोली जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर असते, त्यामुळे एवढी चूक लपत नाही.

आता दूरच्या दृश्यांविषयी. तुम्ही ती एफ/८ ला काढली आहेत, म्हणून लेन्स इन्फिनिटीला (फोकसच्या सर्वांत दूरच्या टोकाला) बरोबर आहे असे त्यांवरून सिद्ध होत नाही. ५० मिमीच्या लेन्समध्ये एक मीटरवर फोकस ९ सेंटिमीटर मागे पडायचा असेल, तर काचांचा गट फिल्मच्या सुमारे ०.२५ मिमी जास्त जवळ बसलेला असावा लागतो. एवढ्या चुकीने एफ/२ ला दूरचा प्रकाशबिंदू फिल्मवर ०.१२५ मिमीचा ठिपका होऊन पसरतो आणि सहज धूसर दिसतो. एफ/८ ला तोच ठिपका जेमतेम ०.०३ मिमीचा राहतो आणि डोळ्याला स्पष्ट वाटतो. माझा अंदाज असा की पूर्वी कोणीतरी ही लेन्स उघडली असावी आणि काचांच्या गटाखाली असणारी पातळ धातूची चकती, जिला शिम म्हणतात, परत बसवताना राहून गेली असावी. तरीही हा अंदाजच आहे. निवाडा फिल्मच्या जागी ठेवलेल्या दुधी काचेने करायचा.

झोर्की-४ चे मागचे झाकण पूर्ण निघते, ही मोठी सोय आहे. ३५ मिमीपेक्षा किंचित कमी रुंदीची काचेची पट्टी फ्रेमच्या दुकानातून कापून घ्या आणि तिची एक बाजू बारीक कार्बोरंडम पावडरीने ओली घासून दुधी करा. ती बाजू लेन्सकडे करून पट्टी आतल्या दोन पट्ट्यांवर टेकवा, कारण फिल्म त्यांवर बसते. बाहेरच्या किंचित उंच पट्ट्या दाबपट्टीसाठी असतात आणि काच त्यांवर ठेवली तर सगळे माप चुकते. शटर चढवून घेतल्यावरच गतीची चकती ‘बी’ वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते त्या खुणेवर) न्या, कारण या कॅमेऱ्यात न चढवता ती फिरवली तर यंत्रणा बिघडू शकते. मग कुलूप असलेल्या केबल रिलीजने (शटरच्या बटणाला लावायच्या वायरने) शटर उघडे ठेवा, ॲपर्चर एफ/२ ला आणा आणि दहापट भिंगातून पाहा.

इन्फिनिटी तपासायला तुमच्या घरासमोरच चांगले साधन आहे. अंधार पडल्यावर खाडीपलीकडच्या मुलुंड-भांडुपच्या उंच इमारतींच्या माथ्यावर तांबडे दिवे लागतात, आणि काही किलोमीटरवरचा असा एकटा दिवा या कामाला उत्तम असतो. दुपारी करू नका. खाडीवरची तापलेली हवा थरथरते आणि भिंगातून काहीच स्थिर दिसत नाही, शिवाय उघड्या लेन्समध्ये सूर्य आला तर शटरचा कापडी पडदा जळतो. फोकसची रिंग इन्फिनिटीच्या टोकाला असताना दिवा सर्वांत बारीक दिसायला हवा. टोकापासून जवळच्या अंतराकडे रिंग फिरवत आणल्यावर, समजा १० मीटरच्या खुणेपाशी, तो सर्वांत बारीक झाला, तर काचांचा गट ०.२५ मिमी मागे बसला आहे हे नक्की झाले. ही खूण २० मीटरच्या आसपास निघाली तर कमतरता त्याच्या निम्मी समजावी.

असे निघाले तर उपाय सोपा आहे. काचांचा अख्खा गट फोकसच्या नळीतून फिरवून निघतो. त्याच्या बैठकीवर झेरॉक्सच्या कागदाच्या, प्रत्येकी सुमारे ०.१ मिमीच्या, दोन-तीन कड्या कापून बसवा आणि दिवा पुन्हा पाहा. माप जुळल्यावर कागद काढून तेवढ्याच जाडीची पितळी शिम घालावी, कारण कागद दमट हवेत फुगतो. रेंजफाइंडर नळीच्या मागच्या कडेवरून अंतर वाचतो, काचांवरून नव्हे, म्हणून शिम घातल्याने त्याचे वाचन बदलत नाही. स्क्रूला हात लावू नका म्हणालो ते याचसाठी : चूक काचांच्या बैठकीत असताना रेंजफाइंडर तिच्याशी जुळवून घेतला, तर या लेन्सने जवळचे फोटो कदाचित सुधारतील, पण उद्या तुम्ही चढवाल ती प्रत्येक निर्दोष लेन्स चुकीची ठरेल.

दिवा टोकालाच बारीक दिसला आणि फिल्मच्या पातळीपासून टेपने मोजलेल्या एक मीटरवरचे छापील अक्षरही एक मीटरच्या खुणेवर स्पष्ट दिसले, तर लेन्स निर्दोष आहे आणि मग रेंजफाइंडरकडे वळावे. आधी रिवाइंड नॉबखालचा डायॉप्टरचा दांडा आपल्या नजरेला जुळवा. तो सरकलेला असला की दुहेरी प्रतिमा जुळली की नाही हेच नीट कळत नाही. मग तोच दिवा व्ह्यूफाइंडरमधून पाहा. लेन्स टोकाला असताना दोन प्रतिमा एक झाल्या आणि तरी एक मीटरवर चूक राहिली, तर लेन्सच्या कडेला टेकणाऱ्या लिव्हरचा कोन बदललेला असतो. तो आणि इन्फिनिटीचा स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे जुळवावे लागतात. हे काम मी अनुभवी कारागिराकडे देण्याचा सल्ला देईन.

सगळ्या तपासण्या एफ/२ लाच करा. ज्युपिटर-८ ची रचना लुडविग बर्टेले यांनी झाइससाठी केलेल्या ‘सोनार’ (Sonnar) या लेन्सवर आधारलेली आहे, आणि या रचनेत ॲपर्चर लहान केल्यावर फोकस किंचित मागे सरकतो. मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर ॲडाप्टरने लेन्स लावून इन्फिनिटी ठरवू नका, कारण बरेच ॲडाप्टर मुद्दामच थोडे आखूड केलेले असतात. चित्राची एक बाजू धूसर येते का, एवढेच त्यावर पाहावे.

दिवा कोणत्या खुणेपाशी बारीक झाला ते इथे कळवा, म्हणजे शिमची जाडी मी हिशोब करून सांगेन.