भाजीच्या वाफ्यात जिवंत आच्छादन, म्हणजे मुख्य पिकाच्या मधे जमीन झाकणारं हिरवं पीक, लावलं, तर ते मुख्य पिकाचंच पाणी ओढत नाही का?

ओढतं. लातूरला दोन गुंठ्यांत वांगी-मिरची-टोमॅटो, काळी माती, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पाणी टँकरचं, असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे शंका रास्तच आहे. माझी बाग सेलूजवळ अशाच मातीत आहे. माझं म्हणणं असं, की आच्छादन पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जिवंत ठेवा, ऊन तापायच्या आत कापून तिथंच अंथरा आणि उन्हाळा वाळक्या पाल्यावर काढा. थंड मुलखातल्या व्हिडिओंमध्ये क्लोव्हर या पसरट गवतासारख्या शेंगवर्गी पिकाचे बारमाही हिरवे वाफे दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

वांग्याची रोपं लावून तीन-चार आठवडे झाले, ती नीट धरली, की दोन ओळींच्या मधे पसरट चवळी टोका. आधी टोकली तर ती रोपांना दाबते. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा आणि वेल वांग्यावर चढू लागला की शेंडे खुडा. कोवळ्या पाल्याची भाजी होते. चवळीवर मावा येईल, पण लगेच औषध मारू नका. कपाशीच्या कडेनं चवळी लावतात ती याचसाठी: माव्यामागे ढालकिडे येतात आणि शेजारच्या पिकावरचा मावाही खातात. मटकीही छान पसरते, पण पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत टिकत नाही.

फुलं दिसली की चवळी उपटू नका, विळ्यानं जमिनीलगत कापा. मुळं आतच कुजतात आणि पाणी मुरायला वाट होते. आपल्या चिकट मातीला याची फार गरज आहे. शेंगांचा मोह होतो, पण दाणे भरताना नत्र दाण्यांत जातं. शेंगांसाठी कडेची एखादी ओळ राखा, बाकी कापाच. कापण्याआधी एक रोप उपटून मुळांवरच्या गाठी फोडून बघा. आतून गुलाबी असतील तर नत्र बांधायचं काम चालू आहे. नसतील तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम (नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं खत) लावा.

रिकाम्या वाफ्यात मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला (माती ओली, पण चिखल नाही) की हिरवळीच्या खतासाठी ताग फेका, गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो. साधारण 45 दिवसांनी, फुलं येऊ लागताच गाडा. उशीर झाला की काडी चिवट होते आणि कुजत नाही. मुळांवर सूत्रकृमींचा (मातीतल्या बारीक जंतांचा) त्रास असेल तर तागानं तो कमी होतो. पाणी तुंबत असेल तिथं तागाऐवजी धैंचा हे हिरवळीचं पीक बरं. हिवाळ्यात कोबीच्या ओळींमध्ये मेथी-कोथिंबीर पुरे, घोळाण्याचीही सोय होते.

उन्हाळ्यात सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा. खोडाला टेकवू नका, उधई लागते.

खरी काळजी शंखी गोगलगायींची घ्या. 2022 च्या खरिपात तुमच्याच भागात त्यांनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं, आणि दाट ओलं आच्छादन म्हणजे त्यांना लपायला आयती जागा. त्या दिसल्या तर रोपं मोठी होईपर्यंत चवळी टोकूच नका. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाकडेला टाका, सकाळी पोत्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.