आई-बाबांसाठी युरोपातली ‘सगळं समाविष्ट’ कालवा-सफर घ्यावी का? पैसे वसूल होतात का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: आई-बाबा पासष्ट-सत्तरचे, दोघंही शाकाहारी, लग्नाला चाळीस वर्षं होताहेत. आठवडाभर बोटीतच मुक्काम, कालव्याकाठची जुनी गावं बघायची, जेवणखाण, वाइन, सहली सगळं एकाच किमतीत, अशी जाहिरात तुमच्या बघण्यात आली. किंमत वाचून पोटात गोळा आला. घ्यावं का?

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली. गळती शोधायची, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या आणि आवर्तन सुटलं की रात्री गेटवर उभं राहायचं, हाच धंदा. मुलगा फ्रान्समध्ये तुलूजला विमानाच्या कारखान्यात आहे. त्याने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला “बाबा, तुम्हा दोघांना कॅनॉलवर पाठवतोय” असं जाहीर केलं, तेव्हा सौ. म्हणाली, “जन्मभर ह्यांनी मला दुसरं दाखवलंय काय?”

तर दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या एकाच कालव्याचा माझा अनुभव आहे. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. ल सोमाय या चिमुकल्या गावात बोटीवर चढलो आणि सहा रात्रींनंतर समुद्राजवळच्या मार्सेयांला उतरलो. अंतर साधारण ७५ किलोमीटर. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या थोडं पुढे, आणि त्याला सहा दिवस. हे वाचून तुमच्या बाबांना हसू आलं तर ठीक. कपाळावर आठ्या आल्या तर पुढचं वाचू नका, त्यांना स्वित्झर्लंडला पाठवा.

बोट म्हणजे माल वाहणारी जुनी लोखंडी नाव, आत खोल्या करून घेतलेली. आम्ही आठ पाहुणे आणि चार माणसं दिमतीला. सकाळी त्यांच्यातलाच एक जण सायकलवर जाऊन बेकरीतून गरम पाव आणायचा. कालव्यात वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटरची, प्रत्यक्षात बोट त्याहूनही सावकाश. सौ. काठावर उतरायची, पूर्वी घोडे ज्या वाटेने नावा ओढत त्या वाटेने चालत पुढे जायची आणि पुढच्या पुलावर उभी राहून आम्हाला हात करायची. सहा दिवसांत बोटीने तिला एकदाच मागे टाकलं, तेही ती एका बाईच्या परसातला लसूण बघत थांबली म्हणून.

आता माझ्या आवडीचा भाग. घाई असेल तर दोन-तीन परिच्छेद सोडून द्या.

हा कालवा पिएर-पोल रिके नावाच्या माणसाने काढला. तो इंजिनियर नव्हता, राजासाठी मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार होता. चौदाव्या लुईचा हुकूम निघाला ऑक्टोबर १६६६ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्यानंतर दोनच महिन्यांनी. रिके वारला १ ऑक्टोबर १६८० ला, महाराज गेले त्याच वर्षी. पुढच्या मे महिन्यात कालवा सुरू झाला, त्याने तो बघितलाच नाही. स्वतःचा पैसा ओतून मागे ठेवलं ते कर्ज. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं कामावर असत, त्यांत बायाही पुष्कळ. मजुरांना रविवारची आणि आजारपणाचीही मजुरी द्यायचा म्हणे. आमच्या रोजगार हमीच्या हजेरीपटांची आठवण झाली, पण तो विषय नको.

खरी अडचण खोदाईची नव्हतीच. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाऱ्या तळ्यापर्यंत २४० किलोमीटरचा कालवा दोन्हीकडून चढत चढत नोरूझच्या खिंडीत १८९ मीटर उंचीवर जातो. प्रत्येक वेळी लॉक (नावा वर-खाली न्यायचा दारांचा हौद) उघडलं की पाणी उतारानं जाणार, मग माथ्यावरचं पाणी भरायचं कुणी? पंप तर नाहीत. रिकेने काळ्या डोंगरातले ओढे अडवले आणि लांबलचक पाट काढून ते पाणी बरोबर माथ्यावर आणून सोडलं. त्यासाठी सें-फेरेओलचं धरण बांधलं, १६७२ च्या सुमारास पुरं झालं. साठा सुमारे ६३ लाख घनमीटर, म्हणजे आपल्या खडकवासल्याचा नववा हिस्सा. आकडा लहान वाटेल, पण साडेतीनशे वर्षांनंतरही ते कालव्याला पाणी देतंय.

आमच्या टप्प्यातले पहिले तीन दिवस एकही लॉक नव्हतं. सलग ५४ किलोमीटर एकाच पातळीवर, डोंगराचा कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेषा, धरून कालवा फिरवलाय. त्यामुळे कापेस्तां गावच्या चर्चचा मनोरा आधी डाव्या हाताला दिसतो, मग समोर, मग चक्क मागे. सौ.ला वाटलं आपण रस्ता चुकलो. गावात शिरताना एक इतका ठेंगणा पूल आहे की कप्तानाने छत्र्या मिटवल्या, खुर्च्या आडव्या केल्या, चाकासमोरची काच खाली घेतली आणि सगळ्यांना डेकवर बसायला लावलं. कमानीचा दगड डोक्यावरून हातभर अंतरावरून गेला. त्यावर आधीच्या बोटींनी काढलेले ओरखडे मी बोटाने चाचपले. कप्तान ओरडला. बरोबरच होतं त्याचं.

पुढे मालपासचा बोगदा. लांबी जेमतेम १६५ मीटर, पण नावा जाण्यासाठी डोंगर पोखरून काढलेला हा जगातला पहिला बोगदा मानतात. त्याच टेकडीच्या पोटात खालून रेल्वेचा बोगदा जातो, आणि त्याच्याही खालून तेराव्या शतकातला, तळ्याचं पाणी काढून द्यायचा भुयारी पाट. एका टेकडीत तीन पिढ्यांचे तीन बोगदे! हा तिसरा पाट कशासाठी, ते वर आंसेरूनच्या टेकडीवर गेल्यावर दिसतं. खाली मोंतादीचं वाटोळं तळं होतं, ते १२४७ च्या सुमारास आटवून शेती केली. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे चर मध्यभागी येतात आणि तिथून पाणी टेकडीखालून पलीकडे. तिथे मी पाऊण तास उभा होतो. गाइड पोरगी दोनदा बोलवायला आली.

आणि बेझिएजवळचा फोंसेरानचा जिना. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, पाणी भरलं की नाव वर, सोडलं की खाली. इथे असे हौद एकाला एक जोडून डोंगरउतारावर पायऱ्यांसारखे बांधलेत. हौद सरळ भिंतींचे नाहीत, अंड्यासारखे फुगीर. सुरुवातीला सरळ भिंत बांधली होती ती मागच्या मातीच्या दाबाने आत कोसळली, मग रिकेने भिंतीला कमानीसारखा बाक दिला. कमानी धरणाचं तत्त्वच, फक्त दाब पाण्याचा नसून मातीचा. आमची बोट हौदात शिरली, मागचं दार लागलं, पुढच्या दाराच्या बुडाशी झडप उघडली आणि भिंत ओली होत होत वर चढायला लागली. म्हणजे आम्हीच खाली जात होतो. दगडाच्या फटींतून बारीक पाण्याच्या चिळकांड्या, शेवाळ, एक गोगलगाय. वर कठड्यावर शाळेची पोरं वाकून बघत होती आणि आम्ही विहिरीत उतरल्यासारखे. तळाशी पोचेपर्यंत तास गेला असेल. शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजोबांनी तेवढ्या वेळात दोन बिअर संपवल्या.

त्यावरून पैशांकडे येऊ. अशा बोटींचे दर माणशी आठवड्याला चार-साडेचार हजार युरोंपासून सुरू होतात आणि सात-आठ हजारांपर्यंत जातात. दोघांचे मिळून आठ-नऊ लाख रुपये धरूनच चला, विमान, व्हिसा, विमा वेगळा. ‘सगळं समाविष्ट’मध्ये खोली, तिन्ही वेळचं जेवण, वाइन-बिअर हवी तेवढी, सायकली आणि रोजची व्हॅनमधली सहल येते. कार्कासोनचा तटबंदीचा किल्ला, नार्बोनचा मंडईचा बाजार, दरीच्या टोकावरचं मिनेर्व, हे सगळं त्यातच. बक्षिशी त्यात येत नाही. शेवटच्या रात्री पाकीट द्यायची पद्धत आहे, किमतीच्या पाच ते दहा टक्के. हे मुलाला माहीत होतं, मला नव्हतं. आकडा ऐकून मी क्षणभर बधिर झालो.

आता गणित बघा. जेवणाबरोबर दोन वेळा त्या भागातली वेगवेगळी वाइन, रात्री दोन-तीन प्रकारचं चीज, त्यांची माहितीसुद्धा, हा त्या किमतीचा मोठा हिस्सा आहे. आम्ही दोघं पीत नाही. त्याचे पैसे कमी होतात का, विचारलं होतं. होत नाहीत. तुमचे आई-बाबाही घेत नसतील तर तुम्ही दुसऱ्यांच्या पेल्याचे पैसे भरताय हे मनाशी धरून ठेवा.

शाकाहाराचं म्हणाल तर आचाऱ्याला आधी लिखित कळवलं होतं. अंडं चालतं, मासा चालत नाही, इतकं स्पष्ट. (मासा वेगळा लिहाच, नाहीतर पहिल्या रात्री ताटात येतो.) वांगी-टोमॅटोचं रातातूय, मशरूमचे प्रकार, बटाट्याची थापी, सगळं उत्तम. चूक माझ्याकडून झाली ती चीजची. तिसऱ्या रात्री गप्पांत कळलं की तिथलं बरंचसं पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. सौ.ने सुरी खाली ठेवली. दोन रात्री तिने ते आवडीने खाल्लं होतं, त्यामुळे चेहरा बघण्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्या आचारी मुलीने बाजारातून वनस्पतीजन्य रेनेटची दोन शोधून आणली आणि वेगळ्या पाटीवर ठेवली. चूक तिची नव्हतीच, आपणच कळवायला हवं.

जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका. दोन्ही काठांवर चिनारांसारख्या प्लेन वृक्षांची हिरवी कमान दिसते ना, तिला २००६ पासून बुरशीचा रोग लागलाय. त्यावर औषध नाही, लागण झालेलं झाड तोडून जाळावं लागतं. हजारो झाडं गेली, कित्येक किलोमीटर काठ उघडा किंवा कोवळ्या रोपांचा आहे. बोटीचे दोर खोडांना बांधल्यामुळे झालेल्या जखमांतूनही तो पसरला, म्हणून आता झाडाला दोर बांधायला बंदी. काही टप्प्यांत सावली अजून दाट आहे, आमच्या नशिबी अर्धी-अर्धी होती. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळा, उन्हाचा तडाखा आणि डास दोन्ही. मे, जून किंवा सप्टेंबर. हिवाळ्यात कालवा दुरुस्तीसाठी बंदच असतो, आपल्याकडे कालवा बंद ठेवतात त्या क्लोजरसारखा.

एवढा खर्च टाळायचा असेल तर दोन वाटा आहेत. कार्कासोनहून किंवा बेझिएहून तास-दोन तासांची बोटफेरी मिळते, एखाद्या लॉकसकट. आई-बाबांना मानवतं का ते त्यात कळेल. किंवा तुम्ही दोन भावंडं बरोबर जाणार असाल तर स्वतः चालवायची बोट भाड्याने घ्या. फ्रान्समध्ये त्याला परवाना लागत नाही, निघण्यापूर्वी तासभर शिकवतात आणि स्वयंपाकघर आपल्या ताब्यात. खर्च चौघांत वाटला की कितीतरी खाली येतो. मात्र लॉकमध्ये दोर फेकायला नि ओढायला कुणीतरी तरणं हवं.

माझ्यापुरते पैसे वसूल झाले. पण मी पडलो कालव्याचा माणूस, आणि पैसे मुलाचे होते. सौ.ला विचाराल तर ती म्हणते चार दिवस पुरे होते.

शेवटची गोष्ट गुडघ्यांची. खोल्या डेकच्या खाली असतात, जिना अरुंद आणि शिडीसारखा उभा, दिवसातून दहा वेळा चढ-उतर. न्हाणीघरात वळायलाही जागा बेताची. बुकिंग करण्याआधी कंपनीकडून त्या जिन्याचा आणि बाथरूमच्या उंबऱ्याचा फोटो मागवा. आईंना दाखवा, बाबांना नको. ते “जमेल की” म्हणतील.