सूर-सल्ला : दोन पट्ट्या, एक स्टँडर्ड

प्रश्न : मी नाट्यपदं गाते. सोल गायक रे चार्ल्स आणि जाझ गायिका बेटी कार्टर यांची 1961ची एकत्र ध्वनिमुद्रिका ऐकली. टिळकवाडीतल्या कोजागरीच्या कार्यक्रमात तसंच एक जाझ स्टँडर्ड (जाझमध्ये पुन:पुन्हा गायलं जाणारं प्रसिद्ध गाणं) दोघांनी गायचंय. जोडीदार गिटारवर असतो. पट्टी जुळत नाही आणि दुसऱ्या फेरीत हमखास चुकामूक होते. — एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी पट्टी. पुरुषाच्या सोयीच्या पट्टीत बाईचा आवाज बहुधा खर्जात अडकतो, म्हणून एकाच पट्टीचा हट्ट सोडा. त्याची पांढरी एक, म्हणजे सी, असेल तर तुम्ही पांढरी चार घ्या. पहिली फेरी त्याने गावी. शेवटच्या दोन बारमध्ये (एक बार म्हणजे चार मात्रा) गिटारवर साध्या सी कॉर्डऐवजी सी सेव्हन वाजवली की त्यातला कोमल निषाद कानाला आपोआप पांढरी चारकडे ओढतो. तिथून तुम्ही उचला.

चुकामूक रचनेमुळे होते. बरीच स्टँडर्ड 32 बारची असतात : आठ-आठ बारचे चार भाग. पहिला, दुसरा, चौथा एकाच चालीचे. तिसरा, म्हणजे ब्रिज, वेगळा. फेरी पुन्हा सुरू झाली की चौथ्याला लागूनच पहिला-दुसरा येतात. तीच चाल सलग तीनदा! तिथे ब्रिज एक भाग आधीच उचलला जातो. आठ बार म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं, बोटांवर मोजा. मात्र समेवर जोर नको, तबलजीलाही बजावून ठेवा. टाळी प्रत्येक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीसाठी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60वर लावा आणि प्रत्येक ठोका दोन किंवा चार समजा. सुरुवातीला ठोका उलटा वाटतो, पण हे सोडू नका.

आणि ताना आवरा. त्या ध्वनिमुद्रिकेत तंतुवाद्यं आणि कोरस मागे असतानाही बेटी कार्टर शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकते, घाई करत नाही. जोडीदाराची ओळ संपेपर्यंत मुरकी घेऊ नका. उत्तर तो श्वास घेतो त्या जागेत द्या.

प्रश्न : दोघांना एकच माईक चालेल का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : नको. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारे) माईक दोन घ्या, तोंडापासून तीन-चार इंचांवर. मॉनिटर स्पीकर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा, माईकच्या पाठीमागे ठेवा. समोर ठेवलात तर शिट्टी मारतो. हळू गाताना माईक जवळ, तार सप्तकात एक वीत लांब. जाळीला मुठीने झाकू नका, त्यानेही शिट्टी येते.