कुत्रा, मांजर आणि फळांच्या फोडी

प्रश्न : आम्ही फळे चिरू लागलो की आमचा कुत्रा शेजारी येऊन बसतो आणि मुले त्याला फोडी भरवतात. गेल्या महिन्यात त्याने खाली सांडलेले दोन-तीन बेदाणे खाल्ले, पण त्याला काहीच झाले नाही. मांजर मात्र फळाला तोंड लावत नाही. दोघांना कोणती फळे द्यावीत?

उत्तर : आधी बेदाण्यांविषयी लिहिते, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजीची बाब तीच आहे. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यांतील टार्टारिक आम्ल याच्या मुळाशी असावे, असे पशुवैद्यकांना अलीकडे वाटू लागले आहे. या आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलते, त्यामुळे एखादा कुत्रा बरीच द्राक्षे खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसरा थोडक्यानेच गंभीर आजारी पडतो. तेव्हा या वेळी निभावले म्हणून पुढेही निभावेल, असे कृपया धरून चालू नका. उलट्या आणि मरगळ बहुधा पहिल्या 24 तासांत दिसतात. लघवी कमी झाल्याचे ध्यानात येईपर्यंत मूत्रपिंडांची हानी झालेली असते. म्हणून खाल्ल्याचे कळताच पशुवैद्यकांना फोन करून किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, हे सांगावे. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण रक्तातील सोडियम वाढून तेच जिवावर बेतू शकते. बेदाणे घातलेला केकही कुत्र्याला वर्ज्यच समजावा.

सफरचंद, केळे, कलिंगड यांच्या लहान फोडी निरोगी कुत्र्याला चालतात. बिया मात्र काढाव्यात, आणि आंब्याची कोय तर त्याच्या हाती लागूच देऊ नये. ती आतड्यात अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागते. जेवणाखेरीजचा असा सारा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत असावा. मधुमेह असल्यास आधी विचारूनच द्यावे.

मांजराला गोड चव कळतच नाही, कारण ती ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे. ते मांसाहारी आहे, फळांवाचून त्याचे काही अडत नाही. त्यामुळे आग्रह करू नये. द्राक्षे आणि बेदाणे त्यालाही देऊ नयेत. संत्र्या-लिंबाच्या सालींतील तेले मांजराला अपायकारक असतात, म्हणून त्या झाकणाच्या डब्यातच टाकाव्यात.