आयव्हीएफ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत गर्भधारणा) करताना उंच, गोरं, हुशार बाळ निवडून घेतलं तर काय बिघडलं?

बिघडतं. मुळात २०२१ च्या एआरटी (कृत्रिम प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करता येते, आणि ते मला पटतं. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचे वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी पण आजाराचं जनुक असलेले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारं लेकरू ज्यानं जवळून पाहिलंय, तो भ्रूण तपासून घेणाऱ्या अशा जोडप्याला नावं ठेवणार नाही.

उंची-बुद्धीमागे मात्र हजारो जनुकीय फरक असतात, शिवाय खाणंपिणं, घर, शाळा. हातातल्या चार-पाच भ्रूणांतून ‘हुशार’ निवडणं हा निव्वळ अंदाज. गोरेपणाची हौस तर आपल्याच स्थळांच्या जाहिरातींतली. तिचं ओझं बाळावर कशाला?

मुंबईकरांनी तर हे विसरूच नये. १९८६ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे आयव्हीएफचं बाळ, जन्मली तेव्हा आपण किती हरखलो होतो! पण त्याच काळात याच शहरात गर्भजल तपासून मुली पाडल्या जात होत्या. शेवटी १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा करावा लागला. ती गर्भजल तपासणीसुद्धा आधी आजार शोधण्यासाठीच आली होती.