वर्ग वजा वर्ग : सूत्र पाठ आहे, मग अडतं कुठे?

प्रश्न : सर, मुलगा आठवीत आहे. अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो, पण चाचणीत ३क्ष² − ४८ आलं तर "वर्ग नाहीत, अवयव पडत नाहीत" असं लिहून आला. आणि क्ष⁴ − १६ चं उत्तर (क्ष² + ४)(क्ष² − ४) लिहिलं तर अर्धेच मार्क दिले. गुणून बघितलं तर तेच येतं, मग चुकलं काय? – एक पालक, सांगली

उत्तर : ताई, गुणून तेच येतं हे खरंय, पण अवयव पाडा म्हटलं की पडायचे थांबेपर्यंत पाडायचे असतात. २४ चे मूळ अवयव विचारले आणि ४ × ६ लिहून पेन ठेवला तर कसं चालेल? इथे क्ष² − ४ हा परत वर्ग वजा वर्गच आहे, तो फुटतो, म्हणून पूर्ण उत्तर (क्ष² + ४)(क्ष + २)(क्ष − २). क्ष² + ४ ला हात लावायचा नाही, तो का ते पुढच्या प्रश्नात येतंय.

आता ३क्ष² − ४८. मुलगा म्हणाला वर्ग नाहीत, तर तसे ते नाहीतच की, ३ हा कुठल्या पूर्ण संख्येचा वर्ग नाही आणि ४८ पण नाही. पण आधी सामाईक काही बाहेर येतं का हे बघायचं राहून गेलं. ३ बाहेर काढा, आत क्ष² − १६ उरतं, उत्तर ३(क्ष + ४)(क्ष − ४). आणि हो, तो बाहेरचा ३ शेवटच्या ओळीपर्यंत न्यायचा, निम्मी पोरं तो मधेच कुठेतरी टाकून येतात. सामाईक आधी न काढता पण कधी कधी गाडी पुढे जाते, म्हणजे ४क्ष² − ३६ चे कुणी थेट (२क्ष + ६)(२क्ष − ६) करतो, चूक नाही पण दोन्ही कंसांत २ अडकून बसलाय, तो काढला की ४(क्ष + ३)(क्ष − ३). मग आधीच काढा ना.

माझं मत विचाराल तर सूत्र पाठ करण्यात फार वेळ घालवू नका, ते दोन मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत ओळखण्यात आहे, कारण पेपरात अ आणि ब वेश बदलून येतात. १ हा पण वर्ग आहे हे कितीतरी मुलांच्या डोक्यातच येत नाही, ०.०९ म्हणजे ०.३ चा वर्ग, क्ष⁶ म्हणजे क्ष³ चा वर्ग. ९क्ष² − १६य² मध्ये क्ष² चं वर्गमूळ घेतात आणि ९ तसाच ठेवतात, (९क्ष + १६य) वगैरे लिहून मोकळे. आणि सगळ्यात जास्त गोंधळ कंस आले की होतो. (२क्ष + १)² − (क्ष − ३)² दिसलं की लगेच विस्तार करायला धावतात, मग पान भरतं आणि चिन्हं चुकतात. विस्तार करूच नका, अख्खा कंस म्हणजे अ, दुसरा अख्खा कंस म्हणजे ब. बेरीज ३क्ष − २, वजाबाकी क्ष + ४, झालं. वजाबाकीत −३ चं +३ होतं तेवढं मात्र सांभाळा. शंका आली तर क्ष च्या जागी १ ठेवून बघायचं : मूळ राशी ९ − ४ = ५, आपलं उत्तर १ × ५ = ५. जुळलं म्हणजे शंभर टक्के बरोबर असं नाही, पण जुळलं नाही तर नक्की चुकलंय.

प्रश्न : क्ष² + २५ चे अवयव का पडत नाहीत? शेजारचा इंजिनिअरिंगचा दादा म्हणतो पडतात. – नववीतली विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : दोघंही बरोबर! तुझ्या पुस्तकातल्या संख्यांमध्ये वर्ग कधी ऋण होत नाही, त्यामुळे क्ष² + २५ कधीच शून्य होणार नाही, आणि (क्ष + काहीतरी) असा अवयव असता तर कुठेतरी शून्य व्हावंच लागलं असतं. दादा −१ चं वर्गमूळ वापरतो म्हणून त्याचे पडतात. पण अधिक दिसलं की सोडून द्यायचं असं पण नाही हं. क्ष⁴ + ४ घे. त्यात ४क्ष² मिळव आणि वजा कर, म्हणजे (क्ष² + २)² − (२क्ष)² झालं, आणि अवयव पडले : (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २). ही युक्ती सोफी जर्मेन या फ्रेंच गणितीबाईंच्या नावाने ओळखली जाते.

प्रश्न : नातवाला शिकवतोय, पण त्याने विचारलं "आजोबा, याचा उपयोग काय?" आणि मी गप्प. – सेवानिवृत्त, ठाणे

उत्तर : काका, त्याला आधी ५३ × ४७ तोंडी करून दाखवा : ५०² − ३², म्हणजे २५०० − ९ = २४९१. मग भास्कराचार्यांचा मोर दाखवा, ११५० च्या लीलावतीतला. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप २७ हातांवरून बिळाकडे निघालाय. मोर तिरपी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? मोराची झेप आणि साप चालला ते अंतर सारखंच, म्हणून झेप + बिळापासूनचं अंतर = २७. आणि पायथागोरसने झेपेचा वर्ग वजा त्या अंतराचा वर्ग = ८१. आता बेरीज गुणिले वजाबाकी = ८१, बेरीज २७, तर वजाबाकी ३. झेप १५, अंतर १२ हात. वर्गसमीकरण मांडायची गरजच पडली नाही बघा. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, जमलं तर नातवाला तिकडे फिरवून आणा.

आणि पोरगं मोबाईलवालं असेल तर त्याला ८०५१ चे अवयव काढायला सांगा. २, ३, ७ ने भागत बसेल. तुम्ही म्हणा, जवळचा मोठा वर्ग ८१००, त्यातून ८०५१ गेले, उरले ४९. म्हणजे ९०² − ७², म्हणजे ९७ × ८३. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४३ च्या सुमारास याच रीतीने २०२७६५१२८१ फोडली होती, ४४०२१ × ४६०६१, तेही हाताने. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत पटकन लागू पडते, लांब असले की नुसतं हेलपाटत बसायचं. म्हणून तर इंटरनेटवर माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए नावाच्या कुलपासाठी दोन मोठ्या मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळ नाहीत ना, हे आधी तपासतात, नाहीतर फर्माची हीच रीत वापरून कुलूप उघडता येतं.